शिवणमावशीची वाळू

माझी मावशी बस डेपोत सीटची कव्हरं शिवते. ड्रायव्हर तिला शिवणमावशी म्हणतात. तोंडाने फटकळ आणि कुणाच्या बापाला न भिणारी. आजोबांनी तिला शिलाईची नोकरी करू द्यायला नकार दिला, तेव्हा तिने त्यांच्याच गादीची खोळ शिवून दाखवली म्हणे. खरंखोटं तिलाच ठाऊक.

वर्कशॉपमागे वाळूचा पट्टा आहे, काटेरी झुडपांचा. पाऊस झाला की तिथे नखाएवढे मळकट पतंग निघतात. खायला त्यांना तोंडच नसतं. झुडपांवर अंडी घालायची आणि मरायचं. अळ्या कोवळी पानं फस्त करतात, वाळूत शिरतात आणि रेशमाने कण जोडून कोष करतात. वर येण्यापुरती रेशमाची नळीही विणून ठेवतात. मग पुढच्या पावसापर्यंत आत पडून. पाऊस वर्षानुवर्षं नाही आला तरी.

"माझ्या जातीचे आहेत, शिवून खाणारे," मावशी म्हणते.

नव्या मॅनेजरला तिथे रोलर फिरवून पार्किंग करायचं होतं. मावशीने आकाशपाताळ एक केलं. मग त्याने मोठ्या मनाने सफाईवाल्याकडून वाळू चाळून घेतली आणि डबाभर कोष तिच्या मशीनवर आणून ठेवले.

"घ्या मावशी, तुमचे किडे. आता खूश?"

मावशीचा चेहरा उतरला. नळ्या तुटल्या होत्या. आता पुन्हा पुरले तरी आतले पतंग बाहेर यायचे कुठून?

"दार तोडून घर हातात दिलंत की हो!" ती म्हणाली. पट्ट्याचं एक टोक अजून चाळायचं राहिलं होतं. तिने मशीन उचलवून तिथेच मांडलं.

"नोकरी जाईल," मॅनेजर म्हणाला.

"जाऊ दे. आधी रोलर माझ्यावरून न्या."

मी तिला जेवणाचा डबा द्यायला गेले होते. खरं सांगते, मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. ड्रायव्हर फाटक्या सीट घेऊन वाळूत येऊ लागले. तिच्याशेजारी ढीग झाला.

रोलर आला. रोलरवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि स्वतःची सीट उपटून आणली.

"मावशी, हीपण उसवलीय. हिच्याशिवाय चालवता येत नाही."

मावशीने मान वर केली नाही.

"ठेव ढिगाच्या तळाशी. पाऊस पडला की घेईन शिवायला."