पहिला बॉल साहेबांना

युसूफभाईंवर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो. पोलिस ॲक्शन होऊन संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, बास्केटबॉलचा अंतिम सामना त्यांनी टीमला जिंकून दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या. अन्याय करणारे आमचे सेक्रेटरी. येत्या रविवारी जामबागेच्या मैदानावर ज्यांचा निरोपसमारंभ आहे, तेच. त्यांच्याबद्दल चार गोड शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. माझ्याकडे आहेत तेवढे लिहितो.

सेक्रेटरी चांगले उंच, पण कुणी वरचा माणूस समोर आला की त्यांची उंची कुठे जाई कळत नसे. टीम उभी राहिली ती एका जहागीरदारांच्या देवडीत, म्हणजे वाड्यात. खेळाडू नावाला कुणी चोबदार, कुणी तबेल्याचा दरोगा. पगार मात्र बॉल खेळण्याचा. जहागीरदारांच्या घरचे धाकटे नवाब टीममध्ये असत आणि शिट्टी वाजली की सेक्रेटरी रेषेबाहेरून ओरडत, "पहिला बॉल साहेबांना!" धाकटे नवाब तो बॉल फळीच्याही वरून कंपाउंडबाहेर भिरकावत. "वाह सरकार, क्या फेंके!" म्हणून सेक्रेटरी टाळ्या पिटत. बॉल परत आला की तो युसूफभाईंच्या हातात जाई आणि तिथून खरा खेळ सुरू होई. अशाही परिस्थितीत टीम वर्षानुवर्षं जिंकली. कुणामुळे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता टोपीचं ऐका. पोलिस ॲक्शनच्या आदल्या दिवसापर्यंत सेक्रेटरींच्या डोक्यावर लाल रूमी टोपी होती. फौजा शहरात आल्या आणि ते बोडके फिरू लागले. "काका, टोपी?" असं विचारलं की म्हणत, "डोक्यात गळू झालंय रे बाबा." नवं सरकार कोणत्या टोपीला मान देतं याचा अंदाज येईपर्यंत ते गळू राहिलं. मग एका सकाळी पांढरीशुभ्र टोपी आली. गळू बसलं.

माणूस निव्वळ खोटा असता तर मी एवढी शाईसुद्धा खर्च केली नसती. पण पहाटे मैदानावर पाणी मारून घेणारे, रोलर फिरताना गड्याबरोबर स्वतः दांडा ओढणारे, चुन्याच्या रेषा वाकड्या आल्या तर पुसून पुन्हा आखायला लावणारेही हेच. माझं मनगट हातात धरून त्यांनी मला थ्रो शिकवला. "मनगट मोडायचं बाळ, कंबर नाही," म्हणायचे. खेळात त्यांना खोटं चालत नसे. खेळाबाहेर दुसरं काही चालत नसे.

जहागिरी गेल्या आणि टीम एका सरकारी खात्याने घेतली. चोबदारांचे कारकून झाले. धाकट्या नवाबांच्या जागी खात्याच्या बड्या साहेबांचे मेहुणे आले. रेषेबाहेरची आरोळी तीच राहिली. त्या हिवाळ्यातल्या अंतिम सामन्यात शेवटचं मिनिट होतं आणि दोन्हीकडचे गुण सारखे. मी राखीव खेळाडू, सेक्रेटरींच्या शेजारीच उभा होतो. बॉल युसूफभाईंकडे आला, समोर रिंग मोकळी होती, आणि सेक्रेटरी ओरडले, "मेहुण्यांना दे! युसूफ, मेहुण्यांना दे!" युसूफभाईंनी एकदा मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुणे विजार सावरत होते. युसूफभाईंनी थ्रो घेतला.

जिंकलो. सेक्रेटरी मैदानात धावले, युसूफभाईंना मिठी मारली, त्यांचं कपाळ चुंबलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी मेहुणे रुसले होते, म्हणून साहेब रागावले होते. मी साहेबांच्या खोलीच्या दाराशी, वेळूच्या चिकाच्या पडद्याबाहेर बाकावर होतो. आत सेक्रेटरींचा आवाज मधासारखा वाहत होता. "हुजूर, खेळतो चांगला, पण काय सांगू, त्या दिवसांत रझाकारांत त्याची उठबस होती." एवढंच. दुपारी खात्याच्या कागदावर तसा शेरा पडला आणि युसूफभाई नोकरी गमावून घरी गेले.

रझाकार आमच्या मैदानाच्या अर्ध्या भागात कवायत करत. त्यांचा म्होरक्या एकदा युसूफभाईंना बोलवायला आला तेव्हा युसूफभाईंनी बॉल काखेत मारून सांगितलं, "नक्को मियाँ, प्रॅक्टिस है." हे सेक्रेटरींच्या समोर झालं. त्यांची लाल टोपी तेव्हा भीतीने थरथरत होती.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच. मेहुणे कॅप्टन झाले. निवडणुकांनंतर मंत्र्यांचे पुतणे आले, आता पहिला बॉल कुणाला यावरच टीममध्ये भांडणं. सामने पहिल्याच फेरीत संपू लागले. गेल्या वर्षी मैदानात उतरायला पाच माणसं जमली नाहीत, आणि सेक्रेटरी म्हणाले, "मुलांत हल्ली शिस्त नाही."

युसूफभाईंबद्दल मी त्यांना तोंडावर विचारलं. म्हणाले, "अरे, मी खोटं काय बोललो? ते लोक मैदानावर यायचे, हाही यायचा. उठबस म्हणजे दुसरं काय?" वर मला चहा पाजला.

युसूफभाई आता आबिड्सवर एका दुकानात बॉलमध्ये ब्लॅडर भरून वाद्या आवळतात. अंबरपेठेतल्या एका शाळेला खेळ शिकवायला माणूस हवा आहे, युसूफभाईच हवेत, पण खात्याचा शेरा आधी पुसा म्हणतात. खात्यात मी साक्ष द्यायला गेलो. तिथे उत्तर मिळालं, ज्यांनी सांगितलं त्यांनीच मागे घ्यावं. मी युसूफभाईंना म्हटलं, चला, जाऊ सेक्रेटरींकडे. ते म्हणाले, "नौकरी की बात छोडो भई. बच्चे कू मदरसे में पूछते, तेरा बाप क्या था करके. उसकू मैं क्या बोलूँ?"

पहिल्या नोव्हेंबरला आपल्या राज्याचे तुकडे होत आहेत. सेक्रेटरी त्यांच्या खात्यासह मुंबई राज्यात चालले. गेले की हा शेरा पुसणारं इथे कुणी उरणार नाही.

तुम्ही सगळे त्या टीमचे. युसूफभाईंच्या खेळावर टाळ्या वाजवलेले, मिरवणुकीत नाचलेले. रविवारी या. सेक्रेटरींना माइकपुढे उभं करा, साहेब लोक पहिल्या रांगेत बसलेले असतील त्यांच्यासमोर, आणि म्हणायला लावा: "युसूफ रझाकार नव्हता. मी खोटं बोललो." मग तिथेच ते लिहून त्यावर सही घ्या. हार त्यानंतर घाला.