कवळीचं पाणी

न्यूमोनियातून वाचलेल्या माझ्या आत्याची व्हेंटिलेटरची नळी निघाली आणि ती पहिला शब्द बोलली, "पाणी."

नेमकं तेच द्यायचं नव्हतं. इतके दिवस नळी राहिल्याने घसा गिळायचं विसरला होता. घोट वाट चुकून फुप्फुसात गेला असता. म्हणून नाकातल्या नळीतून दूध आणि तोंडाला नुसता ओला स्पंज. आत्या तो असा चोखायची, की नर्सला ओढून काढावा लागे.

बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानात आत्याने उभा जन्म घासाघीस केलेली. ती ऐकते कसली! एका दुपारी म्हणाली, "अगं, बरकतपुऱ्याहून लोक बघायला येतील. माझी कवळी तरी आण. अशी बोळकी दिसू का?"

मी कवळी आणली, डबीत स्वच्छ पाण्यात बुडवून. पुसायला रुमाल काढेपर्यंत कवळी पांघरुणावर, डबी रिकामी आणि आत्या खोकून लालबुंद!

गिळायला शिकवणारी थेरपिस्ट धावत आली. तेलुगू मुलगी, पण आत्याशी दखनीत बोलायची. खोकला ओसरल्यावर म्हणाली, "अम्मा, 'आ' बोलो."

आत्याने 'आ' केलं. आवाजात हुक्क्यासारखी गुडगुड.

"पानी पिये ना?"

"नै गे, तीर्थ था."

मला हसू फुटलं. थेरपिस्ट हसली नाही. "फिरसे गले में नली डालना पडा तो, अम्मा?"

आत्याने माझा हात घट्ट धरला. ती घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

डॉक्टरांनी तपासलं, सुदैवाने छाती साफ होती. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टने चहात पावडर घालून तो खळीसारखा घट्ट केला आणि हनुवटी छातीला टेकवून गिळायला सांगितलं.

"मान खाली घालून?" आत्या मला म्हणाली. "नवऱ्यापुढे कधी घातली नाही मी!"

पण घातली. गिळलं. 'आ' स्वच्छ आलं.

"और दो चमचे," आत्या म्हणाली.

"एक."

"डेढ?"

आता मात्र थेरपिस्ट खुदकन हसली, आणि दीड चमचा मिळाला.

होता होता नाकातली नळीही निघाली. घोटलेल्या मऊ खिचडीचा पहिला घास आत्याने सावकाश गिळला. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, माझ्याही.

"काय गं आत्या?"

"मीठ कोण घालणार यात?"