बाजूला बसलेली आई

आईची पाळी बंद होऊन काही वर्षं झाली होती, आणि एका उन्हाळ्यात ती पुन्हा बाजूला बसली. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात बाजूला बसणं म्हणजे परसात शेवग्याखाली गोणपाट टाकून बसायचं आणि कशाला शिवायचं नाही. काकू भाकरी वरून टाकायची, पाणीही वरूनच ओतायची.

मला ते दिवस फार आवडायचे. मी शाळकरी होते, आणि एरवी आई कधी टेकलेली दिसायची नाही. आता ती दुपारभर शेवग्याला पाठ लावून असायची. पानांच्या सावल्या तिच्या लुगड्यावरून फिरायच्या. मी शिवणार नाही एवढ्या अंतरावर बसायची आणि ती माहेरचं, चारठाण्याचं सांगायची. तिथल्या देवळातल्या दगडी खांबाला गाल लावला की भर उन्हातही गार वाटतं म्हणे. सांगता सांगता तिचे डोळे मिटायचे, मग माझेही. गिरणीची घरघर लांबून यायची आणि झोपेत ती नदीची वाटायची.

"अक्का, तुमी तर परत तरण्या व्हायलात की," काकू चिडवायची.

"व्हायले तर व्हायले. तू भाकऱ्या कर," आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

म्हाताऱ्या बायका सांगायच्या, जाता जाता असं व्हतंच. आई दर महिन्याला बसू लागली, मग महिन्यातून दोनदा. थंडीत तिचं गोणपाट गोठ्याच्या भिंतीशी गेलं. चेहरा पांढराफटक पडत चालला, गोष्टी मध्येच तुटू लागल्या. वडील तिकडे फिरकत नसत. बायकांचं बायकांनी बघावं, असा त्यांचा खाक्या.

एका सकाळी ती उठायला गेली आणि तिथंच कोसळली. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नव्हती. वडिलांनी कुणाची तरी जीप आणली आणि आम्ही परभणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गर्भाच्या पिशवीतला बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवला. उत्तर आलं तेव्हा त्या आमच्यावर चिडल्याच. कॅन्सर होता आणि तो पिशवीबाहेर गेला होता.

"इतके महिने लपवून का ठेवलंत?"

"लपवलं कुठं?" आई म्हणाली. "अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय."

खरंच होतं ते. तिचा रक्तस्राव गावानं उघड्यावर पाहिला होता. पाणी भरणाऱ्या बायकांनाही ती कधी बसली आणि कधी उठली ते तोंडपाठ. एवढ्या डोळ्यांतून एकालाही शंका येऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

डॉक्टरीणबाई वडिलांना म्हणाल्या, "बंद झालेली पाळी परत आली की तपासणी झालीच पाहिजे, असा सरकारनं कायदाच करायला हवा."

"कायद्यानं काय व्हतंय, बाई?" वडील पुटपुटले.

"व्हतंय की," खाटेवरून आई म्हणाली. "बाजूला बसायचा कायदा कुठं लिवलाय? तरी कुणाची मोडायची छाती व्हती का?"



घरी परतल्यावर आईनं काकूला, मला आणि गल्लीतल्या बायकांना जवळ बोलावलं. एकदा बंद झालेलं परत दिसलं तर बसायचं न्हाई, परभणीची गाडी धरायची, असं तिनं एकेकीकडून कबूल करून घेतलं. बोलताना तिला धाप लागत होती. वर्ष संपायच्या आत ती गेली.

सरकारी कायदा झाला की नाही, मला ठाऊक नाही. काही वर्षांनी काकूला तसंच दिसलं. ती बसली नाही. कुणाला न विचारता तिनं सकाळची गाडी धरली, तपासणी करून घेतली, आणि दुखणं आत होतं तोवरच पिशवी काढून आली.

काकू आज ऐंशीच्या घरात आहे. दुपारी अंगणात शेंगा फोडत बसते, मध्येच डुलकी घेते. मी जवळ गेले की माझा हात धरून ठेवते. तिला जिवंत बघून मला भरून येतं, आणि त्याच क्षणी वाटतं, आईलाही कुणी वेळेत गाडी धरायला सांगायला हवं होतं.