लाल चौकटीतला हात

आमच्या पप्पांच्या डाव्या हाताला काहीतरी झालंय, हे आधी कुणाला कळलं? डॉक्टरला नाही, आईला नाही, मला तर नाहीच नाही. मोबाईलच्या स्क्रीनवरच्या एका लाल चौकटीला कळलं. ती चौकट मीच आखली होती, पण भलत्याच कामासाठी.

मी मोबाईल गेम बनवते. लोअर परळच्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे बनवते. फळं कापा, फुगे फोडा, असले. आमची वरळीची बीडीडी चाळ रिकामी करायचं ठरलं, समोरच्या चाळीवर हातोडे पडायला लागले, तेव्हा मनात आलं की एक गेम आपला पण होऊन जाऊ दे. आपल्या पॅसेजचा. बीडीडी चाळ म्हणजे मधोमध लांबच्या लांब अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. पॅसेजात पाण्याची पिंपं, बादल्या, चपलांचे ढीग, सायकली आणि उन्हाळ्यात आडवी पडलेली माणसं. यातून एक बस कंडक्टर पहाटे ड्यूटीला निघतो आणि कशालाही धक्का न लावता जिन्यापर्यंत पोचतो. संध्याकाळी तसाच परत येतो. एवढाच गेम. कंडक्टर अर्थातच पप्पा. रिटायर होईपर्यंत ते हेच करत होते आणि त्यांच्या चालीचं चाळीत नाव होतं. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "तुजा बाप चालत नाय गं, सुटतो."

आता गेममधला माणूस चालतो कसा? तर चालतच नाही. चालण्याची आठ चित्रं काढायची आणि एकामागोमाग एक दाखवायची. आठवं संपलं की पुन्हा पहिलं. डोळा बिचारा फसतो. इतकी वर्षं हे काम करते, पण दर वेळी पहिल्यांदा चाल सुरू झाली की मी खुळ्यासारखी बघत बसते. मेलेली चित्रं अशी एकदम उठून चालायला लागली की मला अजून गंमत वाटते. तयार चाली इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण त्या कुणाच्याच नसतात. मला पप्पांचीच हवी होती.

म्हणून एका रविवारी पप्पांना खाली दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत नेलं आणि म्हटलं, "या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला आणि परत या. मी बाजूने व्हिडिओ काढते." आई वरून खिडकीतून ओरडली, "व्हिडिओ कशाला हवाय? हातच्या काकणाला आरसा कशाला? रोज बघतेस की बापाला!"

पप्पा गेले. जाताना त्यांची डावी बाजू माझ्याकडे होती. परत येताना मात्र बुद्धविहारातले कुणीतरी भेटले आणि गप्पा रंगल्या त्या रंगल्याच. पौर्णिमेच्या कार्यक्रमाला मंडप कुठे घालायचा, यावर दोघं हातवारे करत उभे. मी कंटाळून मोबाईल खिशात घातला. येतानाचं चालणं मला लागणार नव्हतंच. गेममध्ये आम्ही एकाच बाजूची चित्रं काढतो आणि माणूस उलट्या दिशेने निघाला की तीच चित्रं आरशातल्यासारखी उलटी करतो. कोडमध्ये एक ओळ. निम्मं काम वाचतं. सगळेच असं करतात.

चित्रं झाली, पप्पा स्क्रीनवर चालायला लागले आणि खऱ्या कटकटीला तोंड फुटलं. धक्का. मोबाईलला माणूस दिसत नाही, बादली दिसत नाही. त्याला दिसतात चौकटी. माणसाभोवती एक अदृश्य चौकट, बादलीभोवती दुसरी. दोन्ही एकमेकींना टेकल्या की मोबाईल म्हणतो, आदळला! मी पहिली चौकट पप्पांच्या पूर्ण चित्राभोवती आखली, डोक्यापासून पायापर्यंत, हात पुढेमागे जातात तेवढी रुंद. पप्पांना खेळायला दिलं. ते चष्मा लावून बसले आणि तिसऱ्याच बादलीला भडकले.

"लागला कुठे? पाय लागला नाय, अंग लागलं नाय, तरी आदळला म्हणतंय! काय पण इन्साफ आहे तुझ्या गेमचा!"

"अहो, चौकटीला चौकट लागली."

"चौकट गेली खड्ड्यात. बसमध्ये रोज धक्क्याची भांडणं मी सोडवायचो. हाताला हात लागला तर कुणी तोंड उघडत नाय. अंगावर अंग आलं की राडा. हात मोजायचे नसतात गं."

पटलं मला. हात मोजायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकट फक्त धडापुरती ठेवायला बसले. मधल्या काळात एकदा वेग जास्त दिला गेला, तर पप्पा बादलीतून आरपार! म्हणजे एका चित्रात बादलीच्या अलीकडे, पुढच्या चित्रात थेट पलीकडे, आणि मध्ये काय झालं ते मोबाईलने पाहिलंच नाही. पप्पांना दाखवलं तर म्हणाले, "अशी सोय नोकरीत असताना कुठे होती?" आईसुद्धा हसली. आमच्याकडे त्या आठवड्यात फक्त गेमचीच चर्चा होती.

धडाची चौकट नीट बसली का हे कळायला ती दिसावी लागते, म्हणून मी तिला लाल रंग दिला. मग आठही चित्रं एकाखाली एक लावली. पलीकडचा हात, म्हणजे उजवा, लाल रेषेच्या पुढे येत होता, मागे जात होता. अलीकडचा डावा हात मात्र आठपैकी एकाही चित्रात चौकटीच्या बाहेर पडत नव्हता. कमरेशी नुसता चिकटलेला, कोपरात जरा वाकलेला.

आधी मला माझाच राग आला. काय गं बाई, हात काढायचा विसरलीस की काय! मूळ व्हिडिओ उघडला, थांबवत थांबवत पुढे नेला. चित्र बरोबर होतं. पप्पांचाच हात हलत नव्हता. एवढा जोरात चालणारा माणूस आणि एक हात जणू दुसऱ्याच कुणाचा.

"पप्पा, तुमचा डावा हात हलत का नाही?"

त्यांना प्रश्नाचं नवलच वाटलं. "अगं, बॅगचा हात तो! जन्मभर चामड्याची बॅग डाव्या बगलेला धरलीय. गर्दीत हात सैल सोडला की पैसे गेले. तो हात आता तसाच राहिला."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हेच तर हवं होतं. कुठल्या तयार चालीत मिळणार होता कंडक्टरचा बॅगचा हात? ऑफिसात मी तो सगळ्यांना दाखवला. सगळे वा वा म्हणाले, मीही फुगले. आणि त्याच हौसेत मला वाटलं, जुने व्हिडिओ शोधू, हा हात अजून कुठे कुठे दिसतो ते बघू. मला एकदा किडा चावला की चावला.

भावाच्या लग्नाचा व्हिडिओ सापडला. पप्पा बँडच्या पुढे चालले आहेत, पांढरा शर्ट, गळ्यात निळा रुमाल. आणि दोन्ही हात असे झुलत होते की बाजूच्या माणसाने लांब सरकावं. मी पुन्हा बघितलं. मग पुन्हा. भावाचं लग्न झालं तेव्हा पप्पांना रिटायर होऊन बरेच दिवस झाले होते. बॅग कधीच जमा झाली होती आणि हात छान मोकळा होता. म्हणजे हा हात बॅगने धरलेला नव्हता. तो नंतर थांबला होता, अलीकडेच, आमच्या डोळ्यांदेखत.

मी घाबरले. चहा करत असलेल्या आईला व्हिडिओ दाखवला. तिने गॅस बारीक केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "शर्टाची बटणं हल्ली मीच लावून देते त्यांना. म्हटलं, म्हातारपणाचे लाड असतील."

पप्पांचं डोकं फिरलं. "तुमच्या गेमपायी मला आजारी पाडू नका! धावत बस पकडतो अजून. जरा हात कमी हलला तर दवाखाना?" दोन दिवस त्यांनी गेमला हात लावला नाही. शेवटी आईनेच त्यांच्यापुढे शर्ट धरला. "हे वरचं बटण डाव्या हाताने लावून दाखवा, मग आम्ही गप्प बसतो." ते बराच वेळ झटत राहिले. बटण काही लागलं नाही. मग म्हणाले, "चला."

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पप्पांना बोटं उघडमीट करायला लावली, मनगट फिरवून पाहिलं आणि मग म्हणाल्या, "काका, त्या दरवाज्यापर्यंत चालत जा आणि परत या." अगदी माझेच शब्द. मी भिंतीला टेकून बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे लाल चौकट आपोआप उभी राहिली. जाताना डावा हात चौकटीच्या आत. वळले, परत आले, तरी डावाच हात आत, आणि उजवा मजेत हलतोय. त्या दिवशी पहिल्यांदा मी पप्पांना परत येताना नीट पाहिलं.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. सुरुवात आहे म्हणाल्या. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामाने बरीच वर्षं चांगलं राहता येतं. चालताना हात मुद्दाम हलवायचा. मग त्यांनी विचारलं, "एवढ्या लवकर कुणाच्या लक्षात आलं? लोक थरथर सुरू झाल्याशिवाय येत नाहीत." पप्पांनी माझ्याकडे अंगठा केला. "ही गेम बनवते."

परतीच्या बसमध्ये जागा होती तरी पप्पा दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर मशीनमधून तिकिटं काढत होता, त्याच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे बॅगचा हात नव्हता तो." थोड्या वेळाने, "मला बरं वाटायचं गं. म्हटलं, नोकरीची खूण राहिली अंगावर." मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

पुढच्या रविवारी मी गेम उघडला आणि डावा हात दुरुस्त केला. आठही चित्रांत तो चौकटीच्या बाहेर काढला, पुढे आणि मागे, भावाच्या लग्नातल्यासारखा. म्हटलं, गोळ्या काय करायचं ते करोत, इथली डॉक्टर मी आहे. पप्पांपुढे मोबाईल ठेवला.

"हा कोण?"

"तुम्हीच की."

"मी नाय हा. हा कोण परेडला निघालाय!" त्यांनी मोबाईल परत दिला. "आहे तसा काढ. लाज कसली? तो हात थांबला म्हणून तर आजार सापडला."

मी जुनी चित्रं परत लावली. पप्पा खेळायला बसले. पॅसेजातून निघाले, पिंप चुकवलं, सायकल चुकवली, झोपलेल्या माणसाला वळसा घातला, जिना गाठला. आई मागून बघत होती. मग परतीचा प्रवास सुरू झाला आणि पप्पा मध्येच थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"हे काय? जाताना डावा हात थांबलेला, बरोबर. येताना उजवा कसा थांबला?"

मी सांगितलं. एकाच बाजूची चित्रं असतात, येताना तीच आरशासारखी उलटी करतात, एक ओळ असते, सगळे असंच करतात.

पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझा एक हात गेला, तर तू एका ओळीत दोन्ही घालवलेस."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आई काहीतरी बोलायला गेली, पण पप्पा उठले होते. दार उघडून ते पॅसेजात गेले. अर्ध्याअधिक खोल्यांना कुलपं लागली होती, बादल्या आणि सायकली कधीच हलल्या होत्या. पॅसेज असा मोकळा मी जन्मात पाहिला नव्हता. थेट जिन्यापर्यंत जाऊन ते वळले आणि तिथून ओरडले, "मोबाईल काढ! मागच्या वेळी येताना काढलंच नव्हतंस."

मी दारात उभी राहून मोबाईल धरला. पप्पा आमच्याकडे चालत आले. डावा हात कमरेशी, आणि उजवा असा जोरात पुढेमागे की बाजूच्या खोलीच्या कडीला लागला आणि कडी वाजली. ते थांबले नाहीत. माझ्यासमोर येऊन त्यांनी तो उजवा हात वर केला.

"हा नीट काढ," म्हणाले. "हा अजून माझा आहे."