पऱ्हाटीवरून गेलेली एम.जी.

मारेगावच्या कमलाकर देशकरांकडे १९५१ सालची एम.जी. मोटार आहे. हिरवी, दोन आसनांची, बिनछपराची. एका जिनिंगच्या मालकाने गाव सोडताना ती आपल्या मॅनेजरला, म्हणजे देशकरांच्या वडिलांना दिली. हेडलाइट आता ट्रॅक्टरचे आहेत. अशा गाड्या लोक शर्यतीसाठी जपतात. देशकर तिच्यातून रोज गाई भरवायला जातात. कृत्रिम रेतन हा त्यांचा व्यवसाय.

त्यांची आधीची मोटरसायकल सुटली ती एका खड्ड्यामुळे. रेताच्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात. कॅन आडवा झाला, नायट्रोजन सांडला आणि सगळ्या कांड्या वाया गेल्या. एम.जी.च्या खोलगट डाव्या सीटवर नवारीने बांधला की कॅन हलत नाही. त्यामुळे पत्नी शीलाताई माहेरी एस.टी.ने जातात. "माझ्या जागेवर सवत बसते," असं त्या सांगतात.

२००७ साली, सलग तीन हंगाम कापूस बुडाल्यावर, जवळच्या तांड्यावरच्या बसंतीबाई राठोडांनी सरकारी पॅकेजमधून जर्सी गाय घेतली. ती दोनदा उलटली, गाभण राहिलीच नाही. दोन्ही वेळा देशकरांना उशीर झाला होता. तांड्याचा रस्ता बैलगाडीचा. चाकं चाकोरीत उतरली की मधला उंचवटा एम.जी.च्या पोटाला लागतो. पहिल्यांदा वाटेतल्या नाल्याअलीकडे गाडी टेकली ती बैलांनी ओढून काढावी लागली. दुसऱ्यांदा ते कॅन खांद्यावर घेऊन चालत गेले, तोवर गाईचा माज ओसरला होता. तिसऱ्यांदा उलटली तर गाय बाजारात न्यायची, असं बसंतीबाईंच्या मुलाने, रूपसिंगने ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी बसंतीबाईंचा फोन आला. "डॉक्टर, गाय माजावर आली, वरडून राह्यली. गाडी घेऊनच या."

"मी डॉक्टर नाही हो बाई. अन् गाडी फसते ना तिथं."

"या तं खरं!"

नाल्याअलीकडे देशकरांनी ब्रेक दाबला. गाडी टेकायची तेवढ्या तुकड्यात दोन्ही चाकोऱ्या पऱ्हाटीने भरल्या होत्या. नुकतीच उपटलेली कपाशीची झाडं आडवी टाकून, तुडवून दाबलेली. रूपसिंग हाताची घडी घालून उभा होता.

"मायनं वर्षाचं जळतन टाकलं, तुमच्या या आंघोळीच्या टपासाठी."

"बाजूले हो," बसंतीबाई म्हणाल्या. "टप येऊन राह्यला."

पऱ्हाटी कडकड मोडत एम.जी. पलीकडे गेली. या खेपेला माज ओसरलेला नव्हता.

मे महिन्यात देशकर तपासणीला गेले. हात आत घालून त्यांनी गर्भ चाचपला.

"थांबली?" बसंतीबाईंनी विचारलं.

"थांबली. तीन महिन्यांची गाभण आहे."

रूपसिंगने हात धुवायला बादली पुढे केली. बादली तो आधीच भरून बसला होता.

"बाई, आता पराटी काढून घ्या. चुलीले होईन," देशकर म्हणाले.

"राहू द्या," रूपसिंगच बोलला. "शेजारचा किसनसिंगबी गाय आणून राह्यला. टप येईन कसा?"