दोन पायडल जास्त

विचुंब्याच्या कमळाकर घरतचा या जगात कोणावरच विश्वास नव्हता. गॅसचा सिलेंडर आला की आणणाऱ्याला दारात उभा करून तो आधी घरच्या काट्यावर तोलायचा. लग्नाच्या पंगतीत कोणी आग्रह करून वाढलं, तर ‘ह्याला आपल्याकडून काय हवंय’ असा विचार करत जेवायचा. त्याची बायको वेणू म्हणायची, "ह्यांना सपनात देव भेटला तरी आधी आधार कार्ड मागतील."

पण त्याला कारण होतं. तो तरुण असताना एका सकाळी खांद्यावर तिपाई घेतलेली तीन माणसं त्यांच्या शेतात आली होती. पाणी मागून प्याली, बापाशी गोड बोलली, दुर्बिणीतून इकडेतिकडे बघितलं आणि गेली. पुढं दगडांवर लाल खुणा आल्या, मग नोटिसा आल्या, आणि शेताच्या जागी शहर आलं. मोबदला मिळाला, घर झालं, खाली दोन गाळे भाड्यानं गेले. कमळाकरच्या डोक्यात मात्र एक गोष्ट कायमची बसली. जमीन जाते ती मोजायला आलेल्या माणसाच्या मागोमाग.

आता उरली होती ती गाढी नदीच्या अंगाला असलेली नऊ गुंठ्यांची चिंचोळी पट्टी. तेहतीस फूट रुंद आणि त्याच्या नऊपट लांब, असं त्याचा बाप सांगायचा. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. पट्टीच्या कडेनं नदीकाठची पायवाट जायची. एका टोकाला जांभूळ, दुसऱ्या टोकाला आडवा बांध, पायवाटेवर तेवढा तुडवून ठेंगणा झालेला, आणि बांधापलीकडे चुलतभाऊ विठूचं शेत.

ह्या आडव्या बांधाबद्दल एक गोष्ट कमळाकरनं वेणूलाही सांगितली नव्हती. दर वर्षी लावणीआधी बांध तासायची पद्धत असते. कमळाकर आपल्या बाजूनं बांध तासायचा आणि ती माती पलीकडच्या अंगाला, विठूच्या शेतात टाकायचा. वीतभर. फार तर वीतभर. बांध तेवढ्यानं सरकायचा. विठू रिक्षा चालवायचा, शेताकडं लावणी-कापणीलाच फिरकायचा, त्याच्या ध्यानात कुठून येणार? गेली बत्तीस वर्षं हे चाललं होतं. कमळाकरच्या मते त्यात फारसं काही नव्हतं. हातभर बांध इकडचा तिकडे.

मग दिवाळीनंतर नोटीस आली. विठूनं आपल्या शेताची सरकारी मोजणी मागितली होती. लगतचा खातेदार म्हणून कमळाकरनं जागेवर हजर राहायचं होतं. तारीख दीड महिन्यानं. मोजणीच्या दिवशी अर्धा गाव बघायला जमणार, हे तर ठरलेलंच. तिथं सगळ्यांसमोर साहेब म्हणाला, ‘हा बांध इथं नाही,’ तर काय करायचं?

आणि नेमकं त्याच आठवड्यात पायवाटेवर तो सायकलवाला दिसायला लागला.

साठीच्या पुढचा, गोरा, पांढऱ्या दाढीचा माणूस. डोक्यावर हेल्मेट, अंगात साधा सदरा. सायकल मात्र विचित्र होती. टायर जाड, हँडल हातभर रुंद, पण हल्ली पोरांच्या सायकलींना असतात तशा पुढं स्प्रिंगा नाहीत, की मागं गिअरच्या चकत्या नाहीत. जांभळाच्या मुळांवरून सायकल धाडकन उतरायची, माणूस दात आवळायचा आणि तिथून त्याचे ओठ हलायला लागायचे. पुढच्या बांधावर पुन्हा धाडकन. मग तो थांबायचा, खिशातली वही काढायचा, काहीतरी लिहायचा.

तो मोजत होता. त्यात शंकाच नव्हती.

"जप करीत असंल," वेणू वाल सोलता सोलता म्हणाली.

"जप करनारा वही ठेवतो काय? आनि शनिवारी येत नाय तो. तीन शनिवार बघितलं मी. बाकी रोज येतो, शनिवारी नाय. शनिवारी काय बंद असतं?"

"काय?"

"सरकारी कचेरी!"

"आनि रविवारी येतो त्यो?"

कमळाकरनं एक वाल उचलून उगाच सोलला. "रविवारी विठूचं खाजगी काम करतो. आदीच मापं काढून ठेवायची, मग मोजनीच्या दिवशी फक्त नाटक."

वेणूनं सोललेला वाल पातेल्यात टाकला आणि कपाळाला हात लावला.

पण अंदाजावर भांडायला जाणारा कमळाकर नव्हता. पुरावा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी तो पनवेलला प्रणितच्या सायकलच्या दुकानात गेला. लांबूनच सायकलचा फोटो काढला होता, तो दाखवला.

"सिंगलस्पीड आहे, काका," प्रणित खूश होऊन म्हणाला. "आणि पुढचा फोर्क रिजिड. म्हणजे सस्पेन्शन नाही. खड्डा आला की थेट मनगटात."

"मग असली सायकल घेतं कोन?"

"शौकीन लोक. वजनाला हलकी, आवाज नाही, बिघडायला काही नाही. चढ आला की उभं राहून मारायची, सपाट रस्त्यावर पाय गरगर फिरतात, तरी वेग काही वाढत नाही. पण एकदा सवय झाली की सुटत नाही."

"आमची काळी सायकल काय वेगली व्हती? तिला पन गिअर नव्हतं. भाजी घेऊन रोज पनवेलच्या बाजारात यायचो मी. तेव्हा कोनी शौकीन नाय म्हनलं."

प्रणित हसला. त्याच्या अंगात आता मास्तर संचारला होता. "ह्यातली गंमत सांगू? पुढच्या चकतीला बत्तीस दात, मागच्या चकतीला वीस. हे कधी बदलत नाही. म्हणजे पायडलची एक फेरी मारली की सायकल दर वेळी तेवढीच पुढं जाणार. ह्या चाकाला धरा साडेतीन मीटर. गिअरच्या सायकलला असं सांगता येत नाही."

कमळाकरच्या कानात जांभळावरचे सगळे कावळे एकदम ओरडले. साडेतीन मीटर! दर फेरीला! बसून मोजायची सायकल होती ती. तिपाई घेऊन आलं की गाव सावध होतं, म्हणून आता हे नवीन निघालं.

रविवारी उजाडल्याबरोबर तो आडव्या बांधावर जाऊन उभा राहिला. हातात काठी. वालाच्या वेलांवर दव होतं. जांभळापाशी धाडकन आवाज झाला आणि माणूस ओठ हलवत आला. कमळाकरनं काठी आडवी धरली.

"किती झालं?"

सायकलवाल्यानं ब्रेक दाबला, एक पाय टेकला. "अठ्ठावीस," तो दम खात म्हणाला. मग एकदम दचकला. "तुम्हाला कसं कळलं मी मोजतोय ते?"

"आमाला सगलं कलतं. विठूनं किती दिलं तुमाला?"

"कोण विठू?"

"शनिवारी का येत नाय तुमी?"

"शनिवारी?" तो माणूस हसला. "शनिवारी आमचा, ज्यू लोकांचा, शब्बाथ. मी जुडाह आपटेकर. पनवेलच्या इस्राएल मोहल्ल्यात राहतो. शनिवारी सायकल नाही, काम नाही, काही नाही. बायको होती तेव्हा ती तर मला पलंगावरूनही उठू देत नव्हती. आमचे आजे-पणजे इकडे तेलाचे घाणे चालवायचे ना, शनिवारी घाणा बंद. म्हणून आम्हाला शनवार तेलीच म्हणायचे."

कमळाकरला हे ठाऊक होतं. त्याची आजी आपटा गावच्या शनवार तेल्याच्या घाण्यावरचं तेल आणायची, आणि शनिवारी तिकडं जाऊ नका म्हणून पोरांना सांगायची. तीन आठवडे शनिवारवर डोकं लावलं आणि नेमकं हेच आठवलं नाही. पण एवढ्यावर हार मानली तर तो कमळाकर कसला?

"मग वहीत काय लिवता?"

जुडाहनं वही सरळ त्याच्या हातात दिली. पानंच्या पानं आकडे. जांभूळ ते बांध, अठ्ठावीस. बांध ते पंपघर, एकसष्ट. रोज तेच, एखाददुसऱ्या फेरीच्या फरकानं.

"मी पाताळगंगेला कारखान्यात होतो. प्रेशरची घड्याळं बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं काम. चौतीस वर्षं. आता तपासायला काही उरलं नाही, म्हणून हे." त्यानं सायकलवर थाप मारली. "ही माझ्या लेकीची, एफ्रातची. ती इस्राएलला गेली आणि ही माझ्या गळ्यात टाकून गेली. रोज संध्याकाळी तिला आकडे कळवतो. एखाद्या तुकड्यात फेऱ्या वाढल्या की ती म्हणते, पप्पा, सरळ चालवत नाही तुम्ही, डुलताय. बरं वाटत नाहीये का?"

"आनि सुरू कुठं, बंद कुठं, ते कसं ठरवता?"

"मनगटं ठरवतात. जांभळाला एक दणका, तुमच्या बांधाला दुसरा. स्प्रिंगा असत्या तर कळलंही नसतं."

कमळाकरनं वही परत केली. काठी खाली टेकली. मग म्हणाला, "मी चालवून बघतो."

त्याला वाटलं होतं हा माणूस टाळाटाळ करील. जुडाहनं सायकल लगेच पुढं केली.

कमळाकर ती ढकलत जांभळापलीकडे घेऊन गेला आणि बसला. तीस वर्षांत सायकलवर बसला नव्हता. पहिल्याच मुळावर हँडलनं त्याच्या तळहातांना असा हिसका दिला की कवळी हलली. सीट तर सुपारी फोडायच्या अडकित्त्यासारखी. पण पुढच्या दहा फेऱ्यांत त्याला एक नवल जाणवलं. खालची वाट त्याला हातांनी वाचता येत होती. हा खडा, ही भेग, हे खेकड्यानं उकरलेलं बीळ. साखळीचा आवाज नव्हता. पाय दाबला की सायकल तेवढीच पुढं जायची, कमी नाही, जास्त नाही. भाजीची सायकल मारत बाजाराकडं निघालेला बावीस वर्षांचा कमळाकर आतून म्हणाला, मार! आणि त्यानं मारली. बारा, तेरा, चौदा. बांध आला तेव्हा दणका थेट खांद्यापर्यंत गेला.

अठ्ठावीस.

तो सायकलवरून उतरला आणि हिशेब मांडायला लागला. अठ्ठावीस गुणिले साडेतीन, अठ्ठ्याण्णव मीटर. बापाचे तेहतीस फूट गुणिले नऊ, दोनशे सत्त्याण्णव. मीटर करायला तीन पूर्णांक काहीतरीनं भागायचं. त्यानं मोबाइल काढला. साडेनव्वद मीटर. म्हणजे सव्वीस फेऱ्या.

दोन पायडल जास्त. चोवीस फूट. पाऊण गुंठा.

वीतभर, वीतभर म्हणत होता तो. बत्तीस विती. ह्या वेळी मोजणारा सरकारचा नव्हता की विठूचा. मोजणारे पाय त्याचे स्वतःचे होते, आणि त्यांच्यावर संशय घ्यायची सोय नव्हती.

"बरोबर आले ना?" जुडाहनं विचारलं.

"बरोबर आले," कमळाकर म्हणाला. त्यानं सायकल परत त्याच्या हातात दिली.

मोजणीला अजून तीन आठवडे होते. हरकत घ्यायची, वकील करायचा, विठूनं आधीच माप काढलं असं ओरडायचं, हा सगळा बेत त्यानं मनात पुन्हा एकदा मांडून पाहिला. प्रत्येक वेळी मनगटात दणका बसायचा. शेवटी त्यानं ठरवलं, आणि दिवसही निवडला. शनिवार. त्या दिवशी पायवाटेवर मोजणारं कोणी नसतं.

पहिल्या शनिवारी त्यानं आधी चोवीस फुटांतले वाल तोडून पिशवीत भरले. मग बापाच्या मापानं खऱ्या हद्दीवर दोरी लावली आणि कुदळ उचलली. गुडघाभर उंच, तेहतीस फूट लांब बांध मोडायचा आणि घमेल्यानं माती वाहून मागं पुन्हा रचायचा. दुपारपर्यंत हातांना फोड आले.

दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी सांगण्यावरून विठू रिक्षा घेऊनच आला.

"दादा! बांध कोरतोस काय रं, दिवसाउजेडी?"

"मागं घेतोय."

"कोनाच्या मागं?"

"माज्या. तुजी जागा हाय ती. चुकून... सरकला व्हता."

विठूनं दोरीकडं पाहिलं, मातीकडं पाहिलं, कमळाकरच्या तोंडाकडं पाहिलं. मग नदीकडं पाहिलं, जणू काही तिकडून उत्तर येणार होतं. "तू? मागं? खाली काय हाय ते सांग. पाइपलाइन निंगाली काय? का रस्ता येतोय हितून?"

"काय येत नाय. घमेलं उचलतोस तर उचल."

"मी हात नाय लावनार. उद्या म्हनशील, विठूनंच सरकवला." तो रिक्षातली पाण्याची बाटली घेऊन आला आणि चपला काढून गवतावर बसला. "मी हितंच बसतो. तुजा काय भरवसा?"

आणि तो खरंच बसला. संध्याकाळपर्यंत. मधे मधे मोबाइलवर फोटो काढत होता. जाताना म्हणाला, "वाल तोडून नेलेस ना आदी? ते पन आलंय ध्यानात."

तिसऱ्या शनिवारी पायवाटेवरचा राखून ठेवलेला शेवटचा तुकडा हलवला आणि बांध पुरा झाला. विठू त्या दिवशीही होता. दोरीवरून तो तीनदा पावलं टाकत गेला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि चहा न मागता निघून गेला. मंगळवारी मोजणी होती.

रविवारी सकाळी कमळाकर ओल्या बांधाशेजारी उभा होता. हातांना चिंध्या बांधलेल्या. जांभळापाशी धाडकन आवाज आला. जुडाह ओठ हलवत आला, आणि बांधानं त्याला असा अवचित उडवला की सायकल वेलांत गेली आणि तो कसाबसा उभा राहिला.

"सव्वीस!" तो घाबरून म्हणाला. "सव्वीसलाच दणका बसला. असं कसं होईल?"

त्यानं टायर दाबून पाहिलं. साखळी पाहिली. मागचे दात बोटानं मोजले. पुन्हा जांभळापाशी गेला, पुन्हा आला. सव्वीस.

"हवा जास्त भरली असंल," कमळाकर म्हणाला.

"हवेनं दोन पायडल जात नाहीत हो." जुडाह वाकला. त्यानं बांधाच्या काळ्या, ताज्या मातीला हात लावला. मग त्याची नजर कमळाकरच्या हातांवरच्या चिंध्यांवर गेली आणि तिथंच जरा थांबली. चौतीस वर्षं त्यानं चुकीचा काटा बरोबर जागी आलेला पाहिला होता. त्यानं खिशातली वही काढली आणि लिहायला लागला.

"लेकीला काय सांगाल?"

"सव्वीस सांगेन."

"आनि आदीचं अठ्ठावीस?"

"ते लिहिलेलं आहे. ते कसं खोडणार?"

कमळाकरनं मान डोलावली. ह्यात वाकडं बोलण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यानं चिंध्या बांधलेला हात पुढं केला.

"दाखवा बगू," तो म्हणाला, "नक्की काय लिवलंत ते."