पाच पलीकडं न्यायचे
मळीचा वास आला की मला मुलीचं बीजगणित आठवतं. इंदापूरकडच्या साखर कारखान्यावर आमचा उसाचा ट्रॅक्टर वजनकाट्याच्या रांगेत होता. सातवीतली पोर माझा डबा घेऊन आली आणि मडगार्डवर बसून गृहपाठ करू लागली. "पप्पा, एक्स वजा पाच बरोबर बारा, तर एक्स किती?" भरल्या ट्रॅक्टरातून रिकाम्याचं वजन वजा करण्यात माझा जन्म गेलेला. मिशीवर हात फिरवत म्हणालो, "सोप्पं हाय. पाच पलीकडं न्यायचे आन् वजा करायचे. सात!" तिनं सगळी गणितं तशीच सोडवली. दुसऱ्या दिवशी वही लालेलाल. उत्तर सतरा होतं. "कुणी शिकवलं, म्हणून बाईंनी इचारलं," ती म्हणाली. "मग?" "माझंच चुकलं म्हणलं." आता ती बारामतीला कॉलेजात आहे. फोनवर मी रोज विचारतो, "काय अडलंय का गं?" "न्हाय पप्पा," ती पटकन म्हणते.